वर्गातला ऑथेल्लो आणि वर्गाबाहेरचा मूर

इंग्लंडमध्ये सोळा ते अठरा या वयातली मुलं ए-लेव्हलच्या परीक्षेची तयारी करतात. आपल्याकडच्या अकरावी-बारावीसारखीच ही दोन वर्षं. इंग्रजी साहित्य हा विषय घेतला की शेक्सपिअर चुकत नाही आणि अनेक शाळा त्यासाठी ‘ऑथेल्लो’ निवडतात. एक्यूए या परीक्षा मंडळाच्या दोन वेगवेगळ्या अभ्यासक्रमांत हे नाटक आहे. एकात ते ‘प्रेम’ या विषयाखाली येतं, दुसऱ्यात ‘शोकांतिका’ या प्रकाराखाली. म्हणजे मुलांनी एक तर ऑथेल्लोच्या प्रेमाबद्दल लिहायचं, नाही तर त्याच्या अधःपाताबद्दल. ऐतिहासिक संदर्भाला गुण नसतात असं नाही. पण त्या संदर्भात बहुतेक वेळा दोन-तीन ठरलेली वाक्यं असतात. व्हेनिस हे श्रीमंत व्यापारी शहर होतं, त्या काळी स्त्रिया बापाच्या आज्ञेत असत आणि ‘मूर’ म्हणजे काळ्या वर्णाचा माणूस.

हे तिसरं वाक्य अपुरं आहे. हा लेख त्याच्याबद्दल आहे.

ज्यांनी नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. ऑथेल्लो हा व्हेनिसच्या सैन्याचा परका सेनापती. डेस्डेमोना या उमराव घराण्यातल्या मुलीशी तो गुपचूप लग्न करतो. तुर्कांची स्वारी येतेय म्हणून व्हेनिसचं सरकार त्याला सायप्रस बेटावर पाठवतं. तिथे त्याचा हाताखालचा अधिकारी इयागो त्याच्या मनात बायकोविषयी संशय पेरतो. एका रुमालाच्या पुराव्यावर ऑथेल्लो तिला मारतो, खरं कळल्यावर स्वतःलाही संपवतो.

वर्गात यावर पहिला प्रश्न येतो तो ऑथेल्लोच्या स्वभावातल्या दोषाचा. उत्तर तयार असतं: मत्सर. इयागो म्हणजे मूर्तिमंत दुष्टपणा, डेस्डेमोना म्हणजे निष्पापपणा आणि ऑथेल्लो म्हणजे भोळा, तापट, मत्सरी वीर. आपल्याकडच्या गाईडमध्येही हेच असतं, फक्त मुद्द्यांना आकडे घातलेले असतात. या पद्धतीला ए. सी. ब्रॅडली या प्राध्यापकाचा मोठा आधार मिळाला. त्यांची शोकांतिकांवरची व्याख्यानं १९०४ मध्ये पुस्तकरूपात आली आणि पुढची कित्येक दशकं परीक्षेतली उत्तरं त्यांच्यावरच बेतली गेली. इतकी, की १९२० च्या दशकात एका इंग्रजानं त्यावर गमतीची कविता लिहिली. तिच्यात शेक्सपिअरचं भूत परीक्षेला बसतं आणि ब्रॅडली न वाचल्यामुळे नापास होतं! ब्रॅडलींचं म्हणणं असं की ऑथेल्लोचा वंश अगदीच बिनमहत्त्वाचा नसला, तरी त्याच्या स्वभावाच्या गाभ्याशी त्याचा संबंध नाही. हे उदारपणानं म्हटलेलं आहे. ‘बघा, रानटी माणूस शेवटी रानटीच निघाला’ अशी टीका करणाऱ्यांना त्यांना उत्तर द्यायचं होतं. पण या उदारपणातून असं झालं की ऑथेल्लो कोणत्या दुनियेतून आला हे विचारायची गरजच उरली नाही.

स्वभावदोषातून शोकांतिका घडते या कल्पनेचं मूळ वर्गात ॲरिस्टॉटलपाशी नेलं जातं. तिथेही मधलं एक पान गळतं. ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रावर बाराव्या शतकात कुर्तुब्याच्या, म्हणजे कॉर्डोव्याच्या इब्न रुश्दनं अरबीत भाष्य लिहिलं. ग्रीक रंगभूमी त्याच्या अनुभवातली नव्हती. अरबी कवितेत जे होतं त्याच्याशी त्यानं मेळ घातला आणि शोकांतिकेला ‘मदीह’ म्हणजे स्तुती, सुखांतिकेला ‘हिजा’ म्हणजे निंदा असं म्हटलं. चुकलंच ते. तरीही १२५६ मध्ये त्या भाष्याचं लॅटिन भाषांतर झालं आणि मूळ ग्रीक ग्रंथ सर्वांच्या हाती येईपर्यंत युरोपातल्या विद्वानांना ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र प्रामुख्यानं या भाष्यातूनच माहीत होतं. हे लॅटिन भाषांतर १४८१ मध्ये छापलं गेलं ते व्हेनिसमध्ये. शोकांतिका हा शब्द व्हेनिसच्या बाजारात आला तेव्हा त्याच्यासोबत एका मूराचं नाव होतं.

मूर कोण, हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. शेक्सपिअरच्या इंग्लंडमध्ये हा शब्द सैलपणे वापरला जाई. उत्तर आफ्रिकेचा रहिवासी, काळ्या वर्णाचा माणूस आणि मुसलमान, यांतलं काहीही किंवा तिन्ही मिळून ‘मूर’. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांनी हा शब्द जहाजावर घालून जगभर नेला. फिलिपाइन्सच्या दक्षिणेतल्या मुसलमानांना स्पॅनिशांनी ‘मोरो’ म्हटलं आणि ते नाव त्यांनी आज स्वतःची ओळख म्हणून स्वीकारलंय. श्रीलंकेच्या जनगणनेत आजही मुसलमानांच्या नोंदीसाठी ‘मूर’ हाच शब्द आहे. आणि १५१० मध्ये विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा घेणाऱ्या पोर्तुगीजांनी इथल्या मुसलमानांनाही ‘मूर’च म्हटलं. दाभोळ-चौलचे व्यापारी, आदिलशाही शिपाई, सगळे मूर. इंग्रजांनी तोच शब्द उचलला. १७७२ साली जॉर्ज हॅडली या इंग्रजानं हिंदुस्तानी भाषेचं व्याकरण छापलं, त्याच्या शीर्षकात या भाषेला लोक ‘मूर्स’ म्हणतात अशी नोंद आहे. थोडक्यात, कोकणातल्या एखाद्या काझी किंवा मुकादमाचा पूर्वज त्या काळच्या युरोपीय कागदात शोधायला गेलात, तर तो याच नावाखाली सापडेल. तेव्हा वर्गात ‘मूर म्हणजे काळा’ एवढंच सांगितलं की निम्मा माणूस गायब होतो.

शेक्सपिअरला ही निम्मी बाजू ठाऊक असायची भरपूर कारणं होती. १५७० मध्ये पोपनं राणी एलिझाबेथला धर्मबहिष्कृत केलं. कॅथलिक स्पेन शत्रू होताच. इंग्लंडला नवे मित्र आणि नव्या बाजारपेठा हव्या होत्या आणि त्या सापडल्या इस्लामी दुनियेत. ऑटोमन दरबाराकडून इंग्रजांना १५८० मध्ये व्यापारी सवलती मिळाल्या. तुर्कस्तानशी व्यापाराची कंपनी १५८१ मध्ये आणि मोरोक्कोशी व्यापाराची १५८५ मध्ये उभी राहिली. मोरोक्कोहून बंदुकीच्या दारूसाठी सोरा येई आणि साखर येई. राणीचे दात काळे पडलेत आणि त्याचं कारण इंग्रजांचं साखरेचं वेड असावं, असं एका जर्मन प्रवाशानं १५९८ साली लिहून ठेवलंय. सुलतान मुराद तिसरा आणि एलिझाबेथ यांचा पत्रव्यवहार होता. मुरादची बेगम सफिये सुलतान हिनंही राणीला पत्रं आणि भेटी पाठवल्या.

मग ऑगस्ट १६०० मध्ये मोरोक्कोचा सुलतान अहमद अल-मन्सूर याचा वकील अब्द अल-वाहिद बिन मसूद लंडनला पोहोचला. स्पेनविरुद्ध इंग्लंड आणि मोरोक्को यांनी हातमिळवणी करावी हा त्याचा प्रस्ताव. सहा महिने हे शिष्टमंडळ लंडनमध्ये राहिलं. लोकांना त्याचं भलतंच कुतूहल होतं. जॉन स्टो या इतिवृत्तकारानं नोंदवलंय की हे लोक खाण्याचे प्राणी स्वतःच्या घरातच कापत आणि कापताना तोंड पूर्वेकडे करत. मराठी मुसलमान वाचकाला हे वाचून हसू येईल. मोहल्ल्यात नवीन भाडेकरू आला की शेजारच्या खिडकीतून जे पाहिलं जातं, तेच चारशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये पाहिलं जात होतं. या वकिलाचं एक तैलचित्र काढलं गेलं, ते आज बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पांढरा फेटा, काळा झगा, कमरेला नक्षीची तलवार, नजर थेट आपल्याकडे. वय ४२ असं त्यावर लिहिलेलं आहे. हा माणूस लंडनमधून परतला त्याला चार वर्षं होण्याआधीच, १ नोव्हेंबर १६०४ या दिवशी, राजा जेम्सच्या दरबारात ‘ऑथेल्लो’चा प्रयोग झाला. शेक्सपिअरनं त्याला पाहिलं होतं असं सिद्ध करता येत नाही आणि तसं करायची गरजही नाही. लंडनमध्ये ‘मूर’ या शब्दाला तेव्हा एक खराखुरा चेहरा होता, एवढं पुरेसं आहे.

त्याच १६०० साली आणखी एका मूराचं पुस्तक इंग्रजीत आलं. हसन अल-वज्जान हा ग्रॅनडात जन्मलेला, फेझमध्ये शिकलेला प्रवासी. १५१८ मध्ये तो ख्रिस्ती चाच्यांच्या हाती लागला, रोममध्ये पोपला नजर केला गेला, तिथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि पोपचंच लिओ हे नाव त्याला मिळालं. युरोप त्याला लिओ आफ्रिकानस म्हणून ओळखतो. त्याचं आफ्रिकेचं वर्णन जॉन पोरीनं इंग्रजीत आणलं. आता नाटकातला ऑथेल्लो सिनेटपुढे आपली कहाणी सांगतो ती आठवा: शत्रूच्या हाती सापडणं, गुलाम म्हणून विकलं जाणं, सुटका, मग वाळवंटं आणि गुहांमधून प्रवास. मूर, धर्मांतरित, प्रवासी आणि गोष्टी सांगून यजमानांना जिंकणारा, असा माणूस शेक्सपिअरला हवेतून काढावा लागला नाही.

ऑथेल्लो ख्रिस्ती झालेला आहे. त्याचा बाप्तिस्मा झाल्याचं इयागोच्याच तोंडून कळतं. डेस्डेमोनासाठी तो बाप्तिस्माही सोडून देईल, असं इयागो म्हणतो. त्याआधी त्याचा धर्म कोणता, हे नाटक सांगत नाही. पण त्या काळच्या प्रेक्षकाला बाप्तिस्मा घेतलेला मूर म्हटल्यावर जे सुचायचं ते सुचलंच असणार. इंग्रजीत तेव्हा ‘तुर्क होणं’ हा वाक्प्रचार होता. मुसलमान होणं हा त्याचा अर्थ आणि दगा देणं, उलटणं हाही. अल्जिअर्स-ट्युनिसकडे कैद झालेले किंवा नशीब काढायला गेलेले इंग्रज खलाशी मुसलमान होत होते, ही त्या काळातली मोठी चिंता होती. जॉन वॉर्ड नावाचा चाचा तर मुसलमान होऊन यूसुफ रईस बनला आणि १६१२ मध्ये त्याच्यावर नाटकही छापलं गेलं. सायप्रसमध्ये रात्री व्हेनिसचे शिपाई आपसात मारामारी करतात तेव्हा ऑथेल्लो त्यांना रागानं विचारतो, की आपण तुर्क झालो आहोत का. हे विचारतो कोण? ज्याच्याबद्दल सगळ्यांच्या मनात हीच शंका आहे, तो. आणि तुर्क तर तिथे नाहीतच, वादळात त्यांचं आरमार बुडालंय.

हे तुर्क मूळ गोष्टीत नाहीत. शेक्सपिअरनं कथा घेतली ती सिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५ च्या पुस्तकातून. तिथे मूराला नावच नाही आणि तो सायप्रसला जातो ते नेहमीच्या बदलीवर. तुर्कांची स्वारी शेक्सपिअरनं घातली. प्रत्यक्षात १५७०-७१ मध्ये ऑटोमनांनी सायप्रस जिंकून घेतलं. नंतर लेपांटोच्या समुद्री लढाईत ख्रिस्ती आरमारानं विजय मिळवला, ज्यावर राजा जेम्सनं स्वतः कविता लिहिली होती, पण सायप्रस काही परत मिळालं नाही. म्हणजे १६०४ चा प्रेक्षक रंगमंचावर जे बेट वाचलेलं पाहत होता, ते तीस वर्षांपेक्षा जास्त काळ तुर्कांकडे होतं. मला या नाटकातली खरी कळ इथे दिसते. बाहेरचा तुर्क बुडाला, मग सगळ्यांची नजर आतल्या माणसाकडे वळली. इयागोला काम करायला मोकळी जागा मिळाली ती या वळलेल्या नजरेमुळे. ऑथेल्लोच्या मनात मत्सर आहे, नाकारत नाही. पण इयागो त्याला पकडतो ते एका वेगळ्या वाक्यावर. तू इथला नाहीस, इथल्या बायकांच्या रीती तुला कळत नाहीत, असं तो सुचवतो. यावर ऑथेल्लोकडे उत्तर नसतं. आयुष्यभर व्हेनिसची सेवा करूनही हे उत्तर त्याला कुणी दिलेलं नसतं.

हिंदुस्थानात शेक्सपिअर वर्गात आला तो सरकारी नोकरीच्या वाटेनं. १८५५ मध्ये सिव्हिल सर्व्हिसची खुली परीक्षा सुरू झाली तेव्हा इंग्रजी भाषा, साहित्य आणि इतिहास मिळून १५०० गुण होते. संस्कृतला ३७५ आणि अरबीला ३७५. कोणतं ज्ञान किती किमतीचं, हे इतक्या उघडपणे क्वचितच मांडलं गेलं असेल. पण त्यातही ‘ऑथेल्लो’ ही शाळकरी पोरांसमोर ठेवायची गोष्ट मानली जात नव्हती. कुटुंबात वाचण्यासाठी शेक्सपिअर ‘शुद्ध’ करणाऱ्या थॉमस बाउडलरनं या नाटकापुढे हात टेकले होते. कितीही काटछाट केली तरी हे घरच्या बैठकीत वाचण्याजोगं होत नाही, ते आतल्या कपाटात ठेवावं, असा त्याचा सल्ला होता. मराठीनं तो ऐकला नाही हे आपलं भाग्य. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’ १८६७ चा, म्हणजे शेक्सपिअरच्या मराठीतल्या अगदी पहिल्या भाषांतरांपैकी. त्याच वर्षी, योगायोगानं, युरोपभर ऑथेल्लो गाजवणारा कृष्णवर्णी अमेरिकन नट आयरा ऑल्ड्रिज पोलंडमध्ये वारला. १८३३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ऑथेल्लोच्या भूमिकेत उभं राहिल्याबद्दल तिथल्या वर्तमानपत्रांनी त्याच्या कातडीवरून अश्लाघ्य लिहिलं होतं.

पुढे १८९० मध्ये गोविंद बल्लाळ देवलांनी याच नाटकावरून ‘झुंझारराव’ लिहिलं. गणपतराव जोशींनी ते गाजवलं. रंगभूमीच्या दृष्टीनं ते योग्यच होतं, प्रेक्षकांना आपला माणूस हवा असतो. पण मूळ शीर्षकात ‘व्हेनिसचा मूर’ असे शब्द आहेत आणि झुंझारराव या नावात मूर उरत नाही. ज्या प्रदेशात पोर्तुगीजांनी ‘मूर’ म्हटलेले लोक गावोगाव राहत होते, त्याच प्रदेशात हे नाटक मत्सराचं नाटक म्हणून रुजलं. बी.ए.च्या वर्गांमध्येही तेच चालत राहिलं.

आता पुन्हा इंग्लंडच्या वर्गाकडे. शेवटच्या अंकात, मरण्याआधी ऑथेल्लो एक आठवण सांगतो. हलब शहरात, म्हणजे अलेप्पोत, फेटा बांधलेल्या एका तुर्कानं एका व्हेनिसवाल्याला मारलं आणि राज्याची निंदा केली. तेव्हा मी त्या सुंता झालेल्या कुत्र्याचा गळा धरला आणि असा वार केला, असं म्हणत तो स्वतःच्या अंगात खंजीर खुपसतो. मारणारा व्हेनिसचा सेनापती तोच आणि मरणारा तुर्कही तोच. ही जागा वर्गात कुणाला तरी मोठ्यानं वाचावी लागते. बर्मिंगहॅम, ब्रॅडफर्ड किंवा पूर्व लंडनच्या शाळेत ती वाचणाऱ्या मुलाचं नाव हसन किंवा बिलाल असू शकतं. त्याच्या शरीराचं वर्णन शिवी म्हणून त्याच्याच तोंडून बाहेर पडतं. शिक्षकानं पुढे काय करायचं? बहुतेक टिपणं इथे आत्मदंड, प्रतिष्ठा परत मिळवणं वगैरे सांगून मोकळी होतात.

२०१५ च्या जुलैमध्ये ब्रिटनमध्ये नवा दहशतवादविरोधी कायदा शाळांना लागू झाला. विद्यार्थी दहशतवादाकडे ओढले जात नाहीत ना, यावर लक्ष ठेवणं शाळांचं कायदेशीर कर्तव्य ठरलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात इंग्रजी साहित्याचा नवा ए-लेव्हल अभ्यासक्रम शिकवायला सुरुवात झाली, ज्यात ‘ऑथेल्लो’ आहे. दोन्ही गोष्टी एकमेकींसाठी केलेल्या नाहीत. पण एकाच वर्गात, एकाच शिक्षकाच्या हातात त्या एकत्र आल्या. ज्याच्या निष्ठेवर सतत नजर आहे अशा माणसाचं नाटक शिकवायचं आणि समोरच्या मुलांच्या निष्ठेवर नजरही ठेवायची. अशा वर्गात बिलाल त्या भाषणाबद्दल मनातलं काही बोलेल का?

वंशाबद्दल बोलायला वर्ग आता शिकलेत, हे चांगलंच आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या एका प्राध्यापकानं लॉरेन्स ऑलिव्हिएचा १९६५ चा ‘ऑथेल्लो’ चित्रपट वर्गात दाखवला. गोऱ्या नटानं तोंडाला काळा रंग फासलेला पाहून विद्यार्थी दुखावले आणि प्राध्यापकाला तो वर्ग सोडावा लागला. पुष्कळ चर्चा झाली, ती रंगाची. त्याच चित्रपटात ऑलिव्हिएच्या गळ्यात मोठा क्रूस आहे. इयागोवर विश्वास बसल्यावर, सूडाची शपथ घेताना, तो हा क्रूस ओढून तोडतो. दिग्दर्शकाला आणि नटाला कळलं होतं की इथे एक माणूस ‘तुर्क होताना’ दाखवायचा आहे. तोंडाचा रंग सगळ्यांना दिसला, तुटलेला क्रूस त्या चर्चेत मागे राहिला.

अब्द अल-वाहिदचं चित्र भिंतीवर लावून, हलबची ती जागा एका तासात सावकाश वाचून हे नाटक शिकवता येतं. त्याला वेगळा अभ्यासक्रम लागत नाही. मुलांना एक साधं काम देता येईल: ऑथेल्लोला त्याच्या नावानं कोण हाक मारतं ते शोधा. पहिल्या प्रवेशात त्याच्याबद्दलच बोलणं चालू असतं, पण नाव कुणी घेत नाही. ते प्रथम ऐकू येतं तिसऱ्या प्रवेशात, व्हेनिसच्या ड्यूकच्या तोंडून, आणि त्याच वाक्यात ऑटोमनांचंही नाव येतं, कारण ड्यूकला तो त्यांच्याविरुद्धच हवा असतो. शेवटच्या प्रवेशात तो मरून पडतो. लोडोव्हिको व्हेनिसला कळवायला निघण्याआधी कामाचं तेवढं सांगतो. घर ताब्यात घ्या, मूराची मालमत्ता जप्त करा, ती आता डेस्डेमोनाच्या काकाची.

तेव्हाही तो नाव घेत नाही, मूरच म्हणतो.